खडेबाजाराच्या मागचं एका बेडरूमचं घर

बेळगावात भाड्याचं घर शोधायला निघालं की पहिला सल्ला न मागता मिळतो: शहापुरात नको. गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, घरं जुनी, भिंतींना ओल, सणावाराला डॉल्बी. त्यापेक्षा भाग्यनगरला बघा की, नाहीतर सह्याद्रीनगर, रामतीर्थनगरच्या बाजूला. नवीन अपार्टमेंट, लिफ्ट, वॉचमन, शांतता. सांगणारी माणसं मायेनंच सांगतात आणि त्यातलं काही खोटंही नसतं. तरी मला शहापूरच हवं होतं, आणि तेही खडेबाजाराच्या हाकेच्या अंतरावर. तसं घर मला मिळालं. त्याबद्दल लिहायचं कारण एवढंच, की गजबजलेल्या पेठेतलं एका बेडरूमचं घर आता बेळगावात मिळेनासं होत चाललंय, आणि ते नाहीसं झालं तर माझ्यासारख्या कितीतरी जणींना या शहरात पाय ठेवायला जागा उरणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

माझं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. नोकरी उद्यमबागेत, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. गावाहून रोज जा-ये करणारे पुष्कळ आहेत, मीही केली. पण महिनाअखेरीला हिशेब संपेपर्यंत शेवटची गाडी निघून जायची, आणि पावसाळ्यात तर गाडी मिळाली तरी फाट्यावरून घरापर्यंतच्या वाटेची धास्ती असायची. शांतता म्हणतात ती मी लहानपणापासून पोटभर अनुभवली आहे. एकट्या बाईला शांत रस्त्यावर काय वाटतं तेही मला ठाऊक आहे. शहराबाहेरच्या नव्या इमारतीत माझं येणं-जाणं कॅमेऱ्यात नोंदलं जाईल, पण दोन दिवस माझं दार उघडलं नाही तर कडी वाजवायला कोण येणार? म्हणून मला माणसं हवी होती. दाराखाली दुकान हवं होतं, रात्री साडेनऊलाही उजेड असलेला रस्ता हवा होता.

शहापूर हा आज बेळगावचाच एक भाग, पण ही पेठ कितीतरी वर्षं वेगळ्या राज्यात होती. बेळगाव ब्रिटिशांचं, लष्कराच्या छावणीचं. शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. 1948 साली संस्थानं विलीन होईपर्यंत इथली माणसं बाजाराला म्हणून चालत निघाली तरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची. विणकरांनी, सराफांनी, सुताच्या आणि रेशमाच्या व्यापाऱ्यांनी ही वस्ती उभी केली. पुढं 1956 ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, 2014 ला शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. एवढं सगळं घडून गेलं तरी शहापूरनं आपला एक हट्ट सोडलेला नाही. होळीनंतर बेळगाव शहर धुळवडीला रंग खेळून मोकळं होतं. शहापुरात रंग म्हणजे पंचमीलाच. जुनी माणसं सांगतात, ही सांगली संस्थानाची रीत. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या पलीकडच्यांचे कपडे धुऊन, वाळून, घडी होऊन कपाटात गेलेले असतात तेव्हा आमच्या गल्लीत पोरं बादल्या भरायला लागतात. पहिल्या वर्षी हे मी गॅलरीतून बघितलं तेव्हा आपण बरोबर ठिकाणी आलो असं वाटलं.

पण ते नंतर. आधी घर मिळवायचं होतं.

सल्लागारांनी सांगितलेल्या अडचणी घरात शिरल्यावरच्या होत्या. खरी अडचण दारातच होती. गाव कुठलं, हा पहिला प्रश्न. तो मला आवडायचा, कारण खानापूर म्हटलं की समोरच्याचा कुणी ना कुणी पाहुणा त्या बाजूला निघतोच. दुसरा प्रश्न आडनावाचा, आणि तो कशासाठी आहे हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही. तिसरा, मटण-मच्छी करता काय. आणि शेवटचा, मिस्टर काय करतात. लग्न झालेलं नाही म्हटलं की चेहऱ्यावर दार हळूच लागल्यासारखं व्हायचं. "आम्ही फॅमिलीलाच देतो हो." हे वाक्य मला इतक्या सभ्यपणे ऐकवलं गेलं आहे की रागावायलाही जागा नव्हती, पण राग आला, आणि अजूनही येतो. पगार आहे, ओळखपत्र आहे, वेळेवर भाडं देण्याची ऐपत आहे, आणि तरी एक बाई एकटी म्हणजे कुटुंब नव्हे, म्हणून तिला छप्पर नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुली पीजीत राहतात, लग्न झालेल्या नवऱ्याच्या घरी. मधल्या वयाच्या, आपल्या पैशानं जगणाऱ्या बाईनं नेमकं कुठं राहायचं याचा विचार कुणी केलेलाच नाही.

अखेर घर मिळालं ते एजंटकडून नाही. खडेबाजारात ब्लाऊजपीस घेता घेता दुकानातल्या काकूंना सहज विचारलं, आणि त्यांनी काउंटर सोडून मला मागच्या गल्लीत नेलं. मालकीण म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या आजी. त्यांचे प्रश्न निराळे होते.

"एकटीच ऱ्हाणार काय ग?"

"हो आजी."

"रात्री उशीर हुतंय काय यायला?"

"महिन्याच्या शेवटी होतो."

"मग त्या दिवशी सकाळी सांगून जात जा. खालची कडी मी घालत नाही. तसंही मी जागाच असतो की अकरापर्यंत."

आडनाव त्यांनी विचारलं ते करारपत्र लिहिताना, आणि तेही कागदावर लागतं म्हणून.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण भाड्याच्या घराच्या लिखाणात लोक पावसाबद्दल भरभरून लिहितात आणि डिपॉझिटबद्दल गप्प बसतात. मला भाडं 7,500 रुपये पडलं आणि डिपॉझिट 50,000. म्हणजे जवळजवळ सात महिन्यांचं भाडं आधीच हातावर ठेवायचं. केंद्र सरकारनं 2021 साली राज्यांपुढं जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असं म्हटलं आहे. आमच्याकडं दोन महिन्यांचं बोललं तर मालक हसतील. या रकमेनंच पुष्कळ बायका अडतात. महिन्याचं भाडं त्यांना झेपतं, पण एकरकमी पन्नास हजार आणायचे म्हणजे माहेरी हात पसरायचा, आणि हात पसरला की घर घेण्यामागचं कारणच निम्मं निघून जातं. मी भिशीचे पैसे उचलले.

दुसरा एक मार्ग इकडं फार चालतो, तो म्हणजे लीज. कन्नडमध्ये भोग्य म्हणतात. मालकाला चार-पाच लाख एकदम द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं न देता राहायचं, आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. मुलीच्या लग्नाला किंवा वरचा मजला चढवायला मालकाला पैसा मिळतो, भाडेकरूचं महिन्याचं भाडं वाचतं. ऐकायला सोपं वाटतं. पण मी हिशेबाची माणूस, मला त्यात भाडेकरूचीच मान अडकलेली दिसते. मालकाकडं परत द्यायला पैसे नसले तर? घर आधीच बँकेकडं गहाण असलं तर? एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो. तरी तीन-तीन वर्षांच्या लीजा नुसत्या स्टॅम्प पेपरवर उरकलेल्या मी बघितल्या आहेत. घर सोडायची वेळ आल्यावर पैसे मिळेपर्यंत रिकाम्या खोलीत कुलपाची किल्ली धरून बसलेली कुटुंबंही बघितली आहेत. कुणी लीजवर घेणार असेल तर खर्च झाला तरी चालेल, सब-रजिस्ट्रारकडं नोंद करूनच घ्यावी.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो तो याच नोंदणीमुळं, हे बहुतेकांना माहीत असतं. माझा करार कन्नडमध्ये छापलेला होता. मला कन्नड बोलता येतं, कामापुरतं. वाचता मात्र अडखळत येतं. शेजारच्या बिऱ्हाडातली नववीतली मुलगी बोलावली गेली. तिच्या आजोबांचे माग होते, वडील आता दुसऱ्याच्या कारखान्यात जातात, घरात कन्नड. तिनं जिन्याच्या पायरीवर बसून सगळा कागद मोठ्यानं वाचला, एकेक कलम मला मराठीत सांगितलं, आणि "दर वर्षी भाड्यात वाढ" या कलमापाशी थांबून आजींकडं बघत म्हणाली, "आज्जी, किती टक्के ते लिहिलंच नाही की इथं." आजींनी पाच लिहायला सांगितलं. त्या पोरीचं मला आजही कौतुक वाटतं. इतक्या जणांनी सह्या केलेला मजकूर, आणि रिकामी जागा दिसली ती तिला.

विजेचं बिल तीच वाचून द्यायची सुरुवातीला. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 2023 पासून महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज मोफत आहे, आणि ती भाडेकरूलाही मिळते, हे नव्यानं घर घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मात्र 200 युनिट सरसकट मिळत नाहीत. त्या मीटरचा आधीचा सरासरी वापर बघून आकडा ठरतो. शिवाय मीटरचा आर. आर. नंबर, म्हणजे बिलावरचा जोडणीचा क्रमांक, आपल्या आधारला जोडावा लागतो, आणि आधीच्या भाडेकरूचं आधार तिथं अडकलेलं असेल तर ते आधी सोडवून घ्यावं लागतं. घर बघायला जाल तेव्हा हे विचारा. आणि त्याच्याही आधी पाण्याचं विचारा.

बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. 2008 पासून शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आहे; उरलेल्या शहरात ते दिवसाआड, तीन दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येतं. त्यामुळं इथं घराची खरी किंमत संपवर, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर ठरते. संप किती लिटरचा, वरची टाकी कुणाकुणाची, मोटर चालवायचा हक्क कुणाचा. आमच्या घराला या सगळ्याच्या जोडीला मागच्या अंगणात विहीर आहे. जुन्या बेळगावात आणि शहापुरात घराघरांत विहिरी होत्या. कितीतरी बुजवून त्यावर खोल्या चढल्या. आमची जिवंत आहे. जुलैत पाणी इतकं वर येतं की वाकून तांब्या बुडवावा. कपडे, भांडी, फरशी सगळं तिच्यावर, आणि नळाला पाणी आलं नाही म्हणून गल्लीतलं कुणीही कळशी घेऊन आलं तर आजींनी कधी कुणाला परत पाठवल्याचं मी बघितलेलं नाही.

घर पहिल्या मजल्यावर. खाली बोळाच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्याच्या बाजूनं उभा लाकडी जिना. वर आल्यावर आधी बैठकीची खोली, रस्त्याकडं तोंड केलेली, तिला हातभर रुंदीची गॅलरी. मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं, विहिरीच्या बाजूला, झोपायची खोली. ही रचना कुणी केली त्याला मी मनोमन दुवा देते. रस्त्याचा सगळा गलका पुढच्या खोलीत थांबतो. मधलं दार लावलं की मागं फक्त रहाटाची कुरकुर आणि आजींचं विष्णुसहस्रनाम. गजबजाट हवा तेव्हा पुढं यावं, नको तेव्हा मागं जावं. तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांत इतकं स्वातंत्र्य मला आमच्या गावच्या दहा खणांच्या घरात मिळालेलं नाही.

सकाळी पहिला आवाज दुधाच्या गाडीचा, दुसरा मंदिराच्या घंटेचा, मग शाळेच्या रिक्षा. दहाला शटरं वर जातात. वडगाव-खासबागच्या बाजूला गेलं तर अजूनही भिंतीआडून मागांची खटखट ऐकू येते, पण ती विरळ झाली आहे. सुरतेहून येणाऱ्या स्वस्त साड्यांपुढं इथल्या यंत्रमागाची साडी टिकत नाही, आणि ज्या घरात चार माग होते तिथं आता दोन चालतात, दोन गुंडाळून ठेवलेले. शेजारच्या मुलीच्या आजोबांना अजून मध्यरात्री जाग येते. माग बंद पडला की विणकराला जाग येते, तीच सवय. आता बंद पडायला माग नाही तरी जाग येते.

रविवारी खासबागेत बाजार भरतो. येळ्ळूर, वडगाव, धामणेच्या शेतांतली भाजी घेऊन बायका येतात. मी पिशवी घेऊन जाते आणि आठवड्याची भाजी घेते, पण त्याहून जास्त माणसं भेटतात म्हणून जाते. आमच्या तालुक्याची बोली कानावर पडली की मी तिथंच वाटा घेते, महाग असला तरी. आषाढात वडगावला मंगाईची यात्रा असते तेव्हा आमच्या गल्लीतली घरं रिकामी होतात, आणि अनंत चतुर्दशीला तर सगळं बेळगावच कपिलेश्वर तलावाच्या दिशेनं सरकत असतं, दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली तरी मूर्ती येतच असतात.

त्या रात्री झोप लागत नाही हे खरं आहे. डॉल्बीच्या दणक्यानं मांडणीवरची भांडी थरथरतात, आजी कानात कापसाचे बोळे घालून भिंतीला टेकून बसतात. हे मला मान्य नाही. गणपतीला ढोल हवा, लेझीम हवी, झांजपथक हवं. छातीत धडधड व्हावी असा आवाज कुणाच्या भक्तीला लागतो हे मला कळत नाही, आणि मंडळाच्या पोरांना मी ते तोंडावर सांगते. ऐकून घेतात, "होय अक्का" म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा आणतात. ओलही खरी आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांना वास येतो, भिंतीचे पोपडे सुटतात. स्कूटर लावायला जागा नाही, ती मी दुकानाच्या पायरीला लावते आणि सकाळी दहाच्या आत काढते.

हे सगळं सोसून मी इथं का राहते ते एका आठवड्यानं मला पुरतं समजावलं. पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून पडलं, कामावर गेले नाही. मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. स्कूटर पायरीवरून हलली नाही एवढं शिलाई मशीनवाल्या अण्णांनी पाहिलं, आणि आजींना हाक मारून सांगितलं. अकरा वाजता आजी वर आल्या, गुडघे दुखत असताना, त्या उभ्या जिन्यानं. संध्याकाळी शेजारच्या वहिनी "ऊट आयता अक्का?", म्हणजे जेवण झालं काय, असं विचारत डब्यात जोंधळ्याची मऊ भाकरी आणि सार घेऊन उभ्या. रक्त तपासायला मला अण्णांच्या मुलानं गाडीवरून नेलं. गावाकडं फोन गेला तो मी बरी झाल्यावर. आई रडली, मग म्हणाली, "असू दे, राहा तिथंच." घर घेतल्यापासून तिनं हे पहिल्यांदा म्हटलं.

आता काळजी वाटते ती गोष्ट. आमच्या गल्लीत आणि आजूबाजूला जुनी घरं पडायला लागली आहेत. भाऊ वेगळे होतात, वाटण्या होतात, कौलारू घर पडतं आणि त्या जागी तीन मजले उभे राहतात. ते व्हायचंच, गळक्या छपराखाली कुणी किती दिवस राहावं? पण नव्या इमारतीत घरं निघतात ती दोन आणि तीन बेडरूमची. पूर्वी वाड्याच्या मागच्या खोल्या, वरची माडी, जिन्याखालचं बिऱ्हाड अशा जागी जी माणसं राहायची, त्यांच्यासाठी त्या आराखड्यात चौकोनच नसतो. इस्पितळातल्या परिचारिका, दुकानात हिशेब लिहिणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, मुलं पुण्या-बेंगळुरूला गेलेली म्हातारी जोडपी, नवऱ्यामागं एकट्या राहिलेल्या बायका. यांनी मग शहराच्या टोकाला जावं, जिथं बस तासाला एक. पेठ जिवंत राहते ती दुकानांनी नाही, दुकानांच्या वर राहणाऱ्या माणसांनी. रात्री वर दिवा असतो म्हणून खालच्या रस्त्यावर बाई निर्धास्त चालते.

हे मी आता नुसतं मनात ठेवत नाही, कारण गेल्या दिवाळीत आजींच्या मुलानंही घर पाडून बांधायचं काढलं आहे. नकाशा मला दाखवला. दर मजल्यावर दोन टू बीएचके. मी त्यांच्याकडून तो एका रात्रीपुरता मागून घेतला आणि कारखान्यात करते तसा तक्ता केला. टू बीएचकेला 12,000 भाडं धरलं तर मजल्याचे 24,000 होतात. त्याच मजल्यावर एका बेडरूमची तीन घरं काढली आणि 8,500 धरले तर 25,500. एक न्हाणीघर आणि एक ओटा वाढतो, त्याचा खर्च मी वेगळा दाखवला, आणि तो किती महिन्यांत वसूल होतो तेही. शिवाय खाली लिहिलं की तीनपैकी एक घर रिकामं पडलं तरी दोन चालू राहतात. दोनपैकी एक पडलं तर निम्मं भाडं बुडतं. दादांनी कागद दोनदा वाचला. "बायकांना द्यायचं म्हणतीस काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ज्याला हवं त्याला द्या, पण फॅमिली नाही म्हणून परत पाठवू नका. आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं घ्या." दुसऱ्या गोष्टीला त्यांनी मान हलवली नाही. पहिलीला म्हणाले, इंजिनिअरशी बोलतो, निदान एक मजला तसा काढून बघू.

बांधकाम होईपर्यंत मला दुसरीकडं जावं लागणार आहे. अण्णांच्या ओळखीनं कोरे गल्लीत एक खोली बघितली आहे. रविवारी इंजिनिअर माप घ्यायला आले तेव्हा आजी काठी टेकत अंगणात आल्या, आणि माझ्या हातातल्या कागदाकडं बोट करून म्हणाल्या, "विहीर बुजवायची नाही. तेवढं लिहून घाल त्यात, सगळ्यात वर."